नासक हिरा: त्र्यंबकेश्वर ते न्यूयॉर्क, एका जुन्या वस्तूच्या किमतीचा इतिहास

ऑनलाइन लिलावात जुने घड्याळ, नाणे किंवा दागिना घेऊ पाहणारा शहाणा ग्राहक बोली लावण्यापूर्वी दोन आकडे शोधतो. तशीच वस्तू नवी घेतली तर काय पडेल, आणि तशीच जुनी वस्तू अलीकडे कितीला गेली. सायकल असो वा मोबाइल, वापरलेली वस्तू नव्यापेक्षा स्वस्त हे गृहीतच असते. वस्तूचे वय शंभरीपलीकडे गेले की हा हिशेब उलटतो आणि जुनेपणाचेच पैसे मोजावे लागतात. मात्र एखादी वस्तू नवी की जुनी हे ठरवायचे कोणी आणि कशावरून, हा प्रश्न दोन्ही बाजारांत कायम राहतो.

त्र्यंबकेश्वरच्या नावाशी जोडला गेलेला एक हिरा गेली दोनशे वर्षे याच प्रश्नातून फिरतो आहे. नाशिक या नावाचे त्या काळच्या इंग्रजी कागदांतील रूप ‘नासक’. म्हणून जगाला तो ‘नासक हिरा’ म्हणून माहीत आहे. तो किती वेळा विकला गेला, प्रत्येक वेळी त्याचा भाव कशाच्या तुलनेत ठरला आणि त्या तुलनेत काय सुटले, हा या धाग्याचा विषय.

आरंभी एक गैरसमज बाजूला सारणे आवश्यक आहे. पाश्चात्त्य जवाहिऱ्यांच्या पुस्तकांत या हिऱ्याला ‘मूर्तीचा डोळा’ असेही म्हटले जाते. त्र्यंबकेश्वरच्या गाभाऱ्यात गेलेल्या कोणालाही हे वाचून नवल वाटेल. तेथे डोळे बसवावेत अशी मूर्तीच नाही. शाळुंकेच्या जागी खळगा आहे आणि त्यात ब्रह्मा, विष्णू, महेश यांची अंगठ्याएवढी तीन लिंगे आहेत. त्र्यंबक म्हणजे तीन डोळ्यांचा, एवढ्या शब्दार्थावरून ही कथा उभी राहिली असावी. शिवाय एकोणिसाव्या शतकातील युरोपीय वाचकाला देवाच्या मूर्तीवरून काढलेल्या रत्नाचे विलक्षण आकर्षण होते. विल्की कॉलिन्स यांची ‘द मूनस्टोन’ ही कादंबरी १८६८ ची. अशा कथेने रत्नाचा भाव वाढतो, हे विक्रेत्यांना ठाऊक होते. परंपरा सांगते ते इतकेच की हा हिरा देवस्थानाला अर्पण केलेला होता, आणि तो गोवळकोंड्याच्या खाणीचा मानला जातो.

आजचे त्र्यंबकेश्वरचे मंदिर पेशवेकालीन. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५५ मध्ये काम सुरू झाले आणि ते १७८६ मध्ये पूर्णत्वास गेले. सोळा लक्ष रुपये खर्च आल्याचे सांगतात. पेशवे घराण्याचा आणि या देवस्थानाचा संबंध किती निकटचा होता हे यावरून कळते. संकटकाळी देवस्थानाचे जवाहीर आणि पेशव्यांचे जवाहीर यांच्यातील सीमारेषा पुसट होणे अशक्य नव्हते.

ते संकट नोव्हेंबर १८१७ मध्ये आले. खडकीच्या लढाईनंतर दुसरे बाजीराव पुणे सोडून निघाले. एप्रिल १८१८ मध्ये त्र्यंबकचा किल्ला इंग्रजांच्या हाती पडला आणि जूनमध्ये बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाले. याच घडामोडींत हिरा इंग्रजांना मिळाला. जे. ब्रिग्ज या अधिकाऱ्याने तो गव्हर्नर-जनरल लॉर्ड हेस्टिंग्ज यांच्याकडे दिला आणि तेथून युद्धातील लूट म्हणून तो लंडनला गेला. फेरिश्ताच्या इतिहासाचे इंग्रजी भाषांतर करणारे जॉन ब्रिग्ज ते हेच.

‘लूट’ हा येथे रागाच्या भरात वापरलेला शब्द नाही. ती त्या काळच्या लष्करी कायद्यातील व्यवस्था होती. शत्रूकडून जिंकलेली मालमत्ता विकायची, आलेली रक्कम सैन्यात हुद्द्यानुसार वाटायची, असा रिवाज. दख्खनच्या लुटीची वाटणी इतकी चिघळली की तिच्यासाठी विश्वस्त नेमावे लागले, आणि त्यांत वॉटर्लूचा विजेता ड्यूक ऑफ वेलिंग्टन होता. हिऱ्याचे तुकडे करून वाटता येत नाहीत, त्यामुळे तो विकणे भाग होते. विक्रेत्याला विकण्यावाचून गत्यंतर नाही, हे ज्या गिऱ्हाइकाला कळते त्याची बाजू बोलीपूर्वीच भक्कम झालेली असते.

लंडनमध्ये हिऱ्याचे वजन ८९.७५ कॅरेट भरले. पाणी उत्तम, पण घाट ओबडधोबड, काहीसा नासपतीसारखा, असा अभिप्राय पडला. भारतीय कारागिराने त्याला पैलू पाडताना वजन राखण्याला प्राधान्य दिले होते, कारण येथे मोठ्या रत्नाचे मोल वजनात होते. युरोपात मात्र तोवर झळाळीला भाव आला होता आणि झळाळीसाठी वजन खर्ची घालावे लागते. म्हणजे एका बाजारात जी कुशलता होती तीच दुसऱ्या बाजारात दोष ठरली. लडगेट हिलवरील राजजवाहिरे ‘रंडेल अँड ब्रिज’ यांनी तो सुमारे ३,००० पौंडांना घेतला.

हा भाव रास्त होता का? तपासण्याचे एक साधन त्या काळीही उपलब्ध होते. डेव्हिड जेफ्रीज या लंडनच्या जवाहिऱ्याने १७५० मध्ये हिरे आणि मोती यांवर एक पुस्तक लिहिले आणि त्यात किमतीचे सूत्र दिले. एक कॅरेटच्या नीट पैलू पाडलेल्या हिऱ्याचे आठ पौंड. त्याहून मोठा असेल तर वजनाला वजनानेच गुणायचे आणि आलेल्या संख्येला आठने. दोन कॅरेटचा हिरा सोळा पौंडांचा नव्हे, बत्तीस पौंडांचा. मोठा हिरा दुर्मीळ, म्हणून त्याचा भाव वजनाच्या वर्गाने चढतो, असा हा विचार. वाईट घाटाच्या हिऱ्याची किंमत काढताना तो पुन्हा घडवल्यावर जे वजन उरेल ते धरावे, हेही त्याने सांगितले होते. नासक पुढे घडवला गेला तेव्हा ७८.६२५ कॅरेट उरला. या वजनावर सूत्र चालवले तर किंमत येते सुमारे ४९,५०० पौंड. प्रत्यक्षात मिळाले ३,०००.

सूत्रच फुगवलेले होते, असा आक्षेप घेता येईल, आणि तो अगदीच गैरलागू नाही. पण पडताळ्यासाठी गोवळकोंड्याचाच दुसरा हिरा आहे. मद्रासचा गव्हर्नर थॉमस पिट याने १७०२ मध्ये जामचंद नावाच्या व्यापाऱ्याकडून ४१० कॅरेटचा कच्चा हिरा ४८,००० पगोड्यांना, म्हणजे सुमारे २०,४०० पौंडांना घेतला. लंडनमध्ये त्याला पैलू पाडले गेले, वजन १३६.७५ जुन्या कॅरेटवर आले आणि १७१७ मध्ये फ्रान्सच्या राजप्रतिनिधीने तो १,३५,००० पौंडांना घेतला. तोच ‘रीजंट’. जेफ्रीजचे सूत्र त्याची किंमत सुमारे १,४९,६०० पौंड सांगते. म्हणजे एका हिऱ्याच्या बाबतीत सूत्र आणि बाजार यांत दहा टक्क्यांच्या आसपास अंतर, आणि दुसऱ्याच्या बाबतीत सोळापट! रीजंटचा ग्राहक एक राज्य होते आणि विक्रेता थांबायला तयार होता. पिटने त्यासाठी पंधरा वर्षे वाट पाहिली. नासकच्या बाबतीत यांपैकी काहीच नव्हते.

मराठी वाचकाला ३,००० पौंडांचा अंदाज यावा म्हणून आणखी एक तुलना. पौंडाला दहा रुपये या ढोबळ दराने ही रक्कम तीस हजार रुपये होते. पदच्युत बाजीरावांना बिठूरला मिळणारा तनखा वर्षाला आठ लक्ष होता. हिरा विकून जे आले ते तनख्याच्या जेमतेम दोन आठवड्यांइतके.

रंडेल अँड ब्रिज यांनी घाई केली नाही. हिरा नव्याने घडवताना कारागिराला सूचना होती की हिंदुस्थानी पैलूंच्या रेषा शक्य तितक्या सांभाळाव्यात, फक्त दोष दूर करावेत. सुमारे अकरा कॅरेट गेले. यापुढे हा हिरा जुना म्हणायचा की नवा, याचे बीज येथे पडले, पण त्या काळी तो प्रश्न कोणालाच पडला नव्हता. १८३७ मध्ये इमॅन्युएल बंधूंकडून जाहीर विक्रीत तो पहिला मार्क्वेस ऑफ वेस्टमिन्स्टर रॉबर्ट ग्रोव्हनर याच्याकडे गेला. त्या दशकातील त्याची नोंदलेली किंमत सुमारे ७,२०० पौंड. कॅरेटमागे पाहिले तर पूर्वी ३३ पौंड, आता ९१. वजन घटले आणि दर जवळपास तिप्पट झाला. मार्क्वेसने तो समारंभी तलवारीच्या मुठीत बसवला. १८८६ मध्ये त्याचे मूल्यांकन ३०,००० ते ४०,००० पौंडांच्या दरम्यान झाले. जेफ्रीजच्या आकड्याच्या आसपास पोहोचायला बाजाराला जवळजवळ सत्तर वर्षे लागली.

जुन्या लिलावांचे आकडे ताडून पाहणाऱ्याने येथे एका सापळ्यापासून सावध राहावे. त्या काळचा इंग्रजी कॅरेट सुमारे २०५ मिलिग्रॅमचा, आजचा २०० मिलिग्रॅमचा. मेट्रिक कॅरेट १९०७ मध्ये सुचवला गेला आणि पुढील काही वर्षांत देशोदेशी रूढ झाला. त्यामुळे तोच, काडीचाही बदल न झालेला नासक काही पुस्तकांत ७८.६ तर काहींत ८०.६ कॅरेटचा दिसतो. आपल्याकडे तोळ्याचे असेच आहे. आजीच्या याद्यांमधला तोळा ११.६६ ग्रॅमचा आणि सराफ आज बोलतो तो दहा ग्रॅमचा. दोघांची तुलना केली की हिशेबात सोने ‘हरवते’.

या सगळ्या प्रवासातील सर्वांत रंजक टप्पा अमेरिकन जकातखात्याचा आहे. १९२७ च्या मार्चमध्ये वेस्टमिन्स्टर घराण्याच्या वतीने हा हिरा पॅरिसहून न्यूयॉर्कला आणण्यात आला. अमेरिकेच्या १९२२ च्या जकात कायद्यात पैलू पाडलेल्या, न जडवलेल्या हिऱ्यांवर वीस टक्के जकात होती. त्याच कायद्यात शंभर वर्षांहून जुन्या कलात्मक वस्तूंना जकात माफ होती. आयात करणाऱ्यांनी नासक हिरा दुसऱ्या वर्गात दाखवला आणि तो बिनजकाती आत आला. तेथील एका प्रतिस्पर्धी जवाहिऱ्याने हरकत घेतली. त्याचे म्हणणे मार्मिक होते: शंभर वर्षांपूर्वी खाणीतून निघालेला प्रत्येक दगड जर ‘प्राचीन कलावस्तू’ ठरू लागला तर जकात भरणार कोण?

हा वाद अपिलाच्या न्यायालयापर्यंत गेला आणि १९३० पर्यंत चालला. त्यातला मुद्दा पाहा. दगड म्हणून हिरा शेकडो वर्षे माणसांच्या हाती होता. मात्र डोळ्यांना दिसणारे पैलू लंडनच्या कारागिराने पाडलेले होते आणि त्यांचे वय तेव्हा जेमतेम शंभर वर्षांच्या काठावर होते. जुना धरला तर जकात शून्य. नवा माल धरला तर किमतीच्या एक पंचमांश. एका शब्दावर एवढी रक्कम अवलंबून होती. शिवाय, १८१८ मध्ये ज्या भारतीय घडणीला दोष म्हणून भाव पाडला गेला होता, त्याच भारतीय भूतकाळाच्या आधारावर आता करमाफी मागितली जात होती. इतिहास सोयीचा झाला तेव्हा मालाच्या वर्णनात परत आला.

१९४० मध्ये हॅरी विन्स्टन या अमेरिकन जवाहिऱ्याने पॅरिसमध्ये तो घेतला आणि प्रश्न आपल्या पद्धतीने निकालात काढला. त्याने हिरा पुन्हा सहाणेवर घातला, या खेपेस जुन्या रेषांची कसलीही भीडमुर्वत न ठेवता. उरला तो ४३.३८ कॅरेटचा, निर्दोष, चौकोनी पन्ना-घाटाचा हिरा. त्र्यंबकेश्वरहून निघालेल्या वजनातील निम्म्याहून अधिक भाग आता अस्तित्वात नाही. रंडेल अँड ब्रिज यांचा व्यवहार कितीही एकतर्फी असला तरी त्यांनी जुन्या कारागिराचा मान राखला होता; विन्स्टनने तेवढेही केले नाही. व्यापारी म्हणून त्याचा निर्णय बिनचूक होता, हेही कबूल करावे लागते.

१६ एप्रिल १९७० रोजी न्यूयॉर्कच्या पार्क-बर्नेट लिलावगृहात नासक पाच लाख डॉलर्सना विकला गेला. घेणारा कनेक्टिकटमधील मालवाहतुकीच्या धंद्यातील एक व्यावसायिक होता. नव्या-जुन्याची तुलना करायला यापेक्षा चांगली संधी क्वचित मिळते, कारण सहाच महिन्यांपूर्वी, ऑक्टोबर १९६९ मध्ये, त्याच लिलावगृहात दुसरा एक मोठा हिरा साडेदहा लाख डॉलर्सना गेला होता. दक्षिण आफ्रिकेतील प्रीमियर खाणीत १९६६ मध्ये सापडलेला, ६९.४२ कॅरेटचा. पुढे तो रिचर्ड बर्टनने एलिझाबेथ टेलरसाठी घेतला आणि दोघांच्या नावाने ओळखला जाऊ लागला. त्यालाही पैलू विन्स्टनच्याच कारखान्यात पडले होते. लिलावगृह तेच, कारागिरी त्याच हाताखालची. एक तीन वर्षे वापरलेला, दुसरा कित्येक शतके.

कॅरेटमागे नव्याला सुमारे १५,१०० डॉलर्स मिळाले, जुन्याला सुमारे ११,५००. आकारातील फरकाचा वाटा यात आहे, कारण जेफ्रीजचे म्हणणे ढोबळमानाने तेव्हाही लागू होते. तरी गोवळकोंडा, पेशवे, ड्यूक आणि जकातीचा खटला एवढे सगळे पाठीशी असूनही नासकला कॅरेटमागे नव्या हिऱ्याहून अधिक दर मिळाला नाही, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. इतिहासाला लिलावात भाव येतो तो वस्तूवर त्याची खूण दिसत असेल तेव्हा. तीस वर्षांपूर्वी सहाणेवर तीच पुसली गेली होती.

त्या लिलावाच्या तारखेला आणखी एक अर्थ आहे. सांस्कृतिक मालमत्तेच्या अवैध व्यापाराविरुद्धचा युनेस्कोचा करार १४ नोव्हेंबर १९७० रोजी संमत झाला. नासक त्याच्या सात महिने आधी हातोड्याखालून गेला होता. अर्थात करार पूर्वलक्षी नाही, त्यामुळे १८१८ ची घटना त्याच्या कक्षेत येतच नाही. पुढे हा हिरा लेबनॉनच्या मुआवद या जवाहीर-व्यापारी घराण्याच्या संग्रहात गेला. तो परत मिळावा अशी मागणी त्र्यंबकेश्वरमधून झालेली आहे.

परत आणायचा म्हणजे कसा, या प्रश्नावर अलीकडच्या दोन घटना विचार करायला लावतात. एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्या सदबीज लिलावात नागपूरकर रघुजी भोसले यांची तलवार महाराष्ट्र शासनाने मध्यस्थामार्फत घेतली. हाताळणी, वाहतूक आणि विमा धरून खर्च ४७.१५ लाख रुपये. त्याच वर्षी मे महिन्यात पिप्रहवा येथील बुद्धावशेषांसोबतची रत्ने हाँगकाँगला विक्रीस निघाली, तेव्हा भारत सरकारने कायदेशीर नोटीस पाठवली आणि लिलाव थांबला. जुलैमध्ये ती रत्ने भारतात आली, तीही गोदरेज समूहाने विकत घेतल्यावर, आणि ती किंमत जाहीर झाली नाही. तलवार परत आली याचा आनंद रास्तच आहे. पण बोली लावणारा, विक्रेत्याची मालकी मान्य करूनच बोली लावतो, आणि त्र्यंबकेश्वरच्या मागणीचा सगळा भर नेमका ती मालकी अमान्य करण्यावर आहे.

आणि मागणी करणाऱ्यासमोर एक व्यावहारिक अडचणही आहे. आज जो हिरा संग्रहात आहे त्यावर भारतीय कारागिराचा एकही पैलू शिल्लक नाही. तो त्र्यंबकेश्वरचाच, हे सिद्ध करायचे तर हाती उरतात ती वजनांची आणि किमतींची टिपणे: ८९.७५ कॅरेट, ३,००० पौंड, ७८.६२५ कॅरेट, ७,२०० पौंड; ४३.३८ कॅरेट, पाच लाख डॉलर्स. ही साखळी ज्यांनी त्याचा व्यापार केला त्यांच्याच वह्यांतून आलेली आहे.